बुलबुलची रोटी बर्फाखाली

एक होती बुलबुल. एवढीशी. गाल पांढरे, डोक्यावर काळा तुरा.

ती राहायची श्रीनगरला. श्रीनगर खूप लांब आहे. तिथे थंडीत बर्फ पडतो. छपरावर बर्फ, झाडावर बर्फ, गल्लीत बर्फ.

एकदा दोन दिवस नुसता बर्फ पडला. बुलबुलला किडा मिळेना. दाणा मिळेना. ती उपाशी राहिली.

तिसऱ्या दिवशी बर्फ थांबला. गल्लीतल्या तंदूरवाल्याने तिला रोटीचा तुकडा टाकला. तीळ लावलेली रोटी! बुलबुलने ती चोचीत धरली. भुर्रर्र उडाली. समदचाचांच्या अंगणात उतरली. रोटी खाली ठेवली. आता खाणार, एवढ्यात...

सर्रर्र! धप्प!

छपरावरचा बर्फ घसरला. बुलबुल उडाली. रोटी राहिली खाली. वर बर्फाचा हा एवढा ढीग!

बुलबुलने पायांनी उकरलं. चिमूटभर बर्फ निघाला. ढीग होता तेवढाच.

समदचाचा दाराशी बसले होते. शेजारी फावडं होतं.

टुणुक टुणुक बुलबुल गेली.

"चाचा, चाचा, बर्फ काढा ना!
रोटी मला मिळेना!"

चाचा म्हणाले, "हात गारठलेत गं. कांगडी तापली, तर फावडं चालेल."

कांगडी म्हणजे काय? वेताची टोपली. टोपलीत मातीचं भांडं. भांड्यात निखारे. श्रीनगरची माणसं ती पोटाशी धरून बसतात. चाचांची कांगडी त्यांच्या पायाशी होती.

टुणुक टुणुक बुलबुल गेली.

"कांगडी, कांगडी, ताप ना!
फावडं चालेना,
रोटी मला मिळेना!"

कांगडी म्हणाली, "माझं पोट रिकामं. हाजरामासीकडे कोळशाची गोणी आहे. गोणीची गाठ सुटली, तर मी तापेन."

हाजरामासी भिंतीपलीकडे राहायची. कोळसा विकायची. भुर्रर्र बुलबुल गेली.

"मासी, मासी, गाठ सोड ना!
कांगडी तापेना,
फावडं चालेना,
रोटी मला मिळेना!"

मासीने बोटं दाखवली. लाल लाल झाली होती. "बघ, वाकतच नाहीत. कहवा उकळला, तर गाठ सुटेल."

कहवा म्हणजे तिकडचा चहा. तो उकळतो समोवारात. समोवार म्हणजे तांब्याची मोठी चहादाणी. मासीच्या खिडकीत एक होता.

टुणुक टुणुक बुलबुल गेली.

"समोवारा, समोवारा, कहवा उकळ ना!
गाठ सुटेना,
कांगडी तापेना,
फावडं चालेना,
रोटी मला मिळेना!"

समोवार म्हणाला, "पोटात निखारे आहेत. पाणीच नाही. नळाचं पाणी वाहिलं, तर कहवा उकळेल."

नळ होता अंगणात. तोंडाला बर्फाची दाढी लोंबत होती. भुर्रर्र बुलबुल गेली. नळावर बसली. पाय गार झाले. एक पाय वर घेतला.

"नळा, नळा, पाणी सोड ना!
कहवा उकळेना,
गाठ सुटेना,
कांगडी तापेना,
फावडं चालेना,
रोटी मला मिळेना!"

नळ हळूच म्हणाला, "गोठलोय मी. ऊन पडलं, तर पाणी वाहील."

ऊन होतं वर, छपराच्या टोकावर. भुर्रर्र, भुर्रर्र, भुर्रर्र! बुलबुल उंच गेली. तिला धाप लागली.

"उन्हा, उन्हा, नळावर पड ना!
पाणी वाहेना,
कहवा उकळेना,
गाठ सुटेना,
कांगडी तापेना,
फावडं चालेना,
रोटी मला मिळेना!"

ऊन म्हणालं, "मला यायचंय गं खाली. वाटेत फेरन आडवं आलंय. फेरन हललं, तर ऊन पडेल. पण लवकर हं! थंडीत मी फार वेळ थांबत नाही."

फेरन म्हणजे लोकरीचा लांब झगा. शेजारच्या बिलालने तो धुतला होता. दोरीवर टाकला होता. गारठ्यात तो गोठला. पुठ्ठ्यासारखा कडक झाला.

भुर्रर्र बुलबुल गेली. दोरीवर बसली.

"फेरना, फेरना, हल ना!
ऊन पडेना,
पाणी वाहेना,
कहवा उकळेना,
गाठ सुटेना,
कांगडी तापेना,
फावडं चालेना,
रोटी मला मिळेना!"

फेरन म्हणालं, "मला दोन चिमटे लावलेत. चिमटे निघाले, तर मी हलेन."

"चिमटे कोण काढणार?"

"बिलाल."

"बिलाल कुठे आहे?"

"कामावर. संध्याकाळी येईल."

बुलबुलने उन्हाकडे पाहिलं. संध्याकाळी ऊन नसतं. आता जायचं कुणाकडे? कुणी उरलंच नव्हतं. पोट तर दुखायला लागलं होतं.

तिने चिमट्याकडे पाहिलं. चिमटा लाकडाचा होता. लहान होता.

तिने चोचीत चिमटा धरला. ओढला. चोच सटकली.

पुन्हा धरला. ओढला. पुन्हा सटकली.

मग तिने पाय दोरीवर घट्ट रोवले. पंख पसरले. ओढला, ओढला, ओढला...

टक्! एक चिमटा निघाला.

बुलबुल दुसऱ्या टोकाला गेली. ओढला, ओढला, ओढला...

टक्! दुसराही निघाला.

घर्रर्र! फेरन दोरीवरून घसरलं. भिंतीशी जाऊन टेकलं. बाह्या तशाच ताठ!

मग काय झालं?

फेरन हललं. ऊन पडलं. पिवळं पिवळं, नळाच्या अंगावर.

ऊन पडलं. नळाची दाढी गळली. टप. टप. टप टप टप. खळखळ खळखळ! पाणी वाहिलं.

हाजरामासीने आवाज ऐकला. "अगंबाई, नळ आला!" तिने समोवार भरला.

पाणी आलं. गुडगुड गुडगुड, कहवा उकळला.

कहवा उकळला. मासीने पेला दोन्ही हातांत धरला. फुर्र फुर्र प्यायली. बोटं वाकली. गोणीची गाठ सुटली.

गाठ सुटली. मासीने कोळसा आणून चाचांच्या कांगडीत घातला. वर समोवारातला एक निखारा ठेवला. फू फू! कांगडी तापली.

कांगडी तापली. चाचांनी हात शेकले. "हां! आता बघ." खर्रक, खर्रक, फावडं चाललं.

ढीग छोटा झाला. अजून छोटा झाला. खाली दिसली रोटी!

बुलबुलने टोच मारली. टक! पुन्हा मारली. टक! रोटी दगडासारखी कडक झाली होती.

बुलबुलने मान खाली घातली.

मासी म्हणाली, "थांब, थांब." तिने रोटी उचलली. कांगडीच्या काठावर ठेवली. चाचा बघत राहिले. बुलबुलही बघत राहिली. थोड्या वेळाने तिळांचा वास सुटला.

"घे," मासी म्हणाली. "आता मऊ झाली."

चाचा म्हणाले, "सगळी तुझीच आहे. सावकाश खा."

बुलबुलने एक तीळ टिपला. मग दुसरा. मग रोटी खाल्ली. सगळी खाल्ली. सावकाश नाही, भराभरा.

ऊन छपरापलीकडे गेलं. बुलबुल खिडकीच्या वळचणीला जाऊन बसली. पिसं फुगवली. डोळे मिटले.

बाहेर पुन्हा बर्फ पडू लागला.

तिचं पोट भरलं, आपलं ऐकून झालं.