मागे वळून न पाहणारी पाखरी

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. माळावर तेव्हा घरं कमी आणि मेंढरं जास्त होती. त्या माळावर दरसाल धनगरांच्या कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत भरे. दगडी बांधावरून उडी मारायची, ओंडक्यावरून ओढा पार करायचा, काटेरी कुंपणाच्या भगदाडातून सरपटत निघायचं. धनी कुत्र्याच्या जोडीनं धावे. धोतर सावरता सावरता एखादा चिखलात आपटे, मग कुत्रंही शर्यत सोडून त्याचं तोंड चाटत बसे! लोक पोट धरधरून हसत. काय दिवस होते ते!

रीत अशी, की प्रत्येक अडथळ्यापाशी कुत्रं क्षणभर मागे वळून धन्याकडे पाही. धन्यानं मान हलवली, की मगच उडी.

पुढे राजाला या शर्यतीचा नाद लागला. त्यानं तांब्याचं घटिकापात्र आणवलं. बुडाच्या भोकातून पाणी शिरून ते बुडायच्या आत कुत्र्यानं पल्ला गाठायचा. बांध उंच झाले, कुत्री चपळ झाली. धन्यानं आता धावायचं नाही, टेकाडावर उभं राहून नुसती शीळ घालायची. खोटं कशाला बोलू, पाहायला मोठी मौज वाटे.

एका धनगराची पाखरी नावाची कुत्री फार वेगानं पळे. तरी ती दोनदा थोडक्यात हरली. प्रत्येक बांधापाशी ती टेकाडाकडे वळून पाही आणि तेवढ्यात पात्र बुडे.

"हिची ही खोड मोडलीच पाहिजे," असं धनगरानं ठरवलं. सरावात पाखरीनं मागे पाहिलं, की तो तोंड फिरवी. ती कुईंकुईं करी, शेपटी हलवी. हा ढिम्म. सांगतानाही जीव तुटतो माझा. सहा महिन्यांत तिनं पाहणं सोडलं.

त्या साली पाखरी पहिली आली. ढोल वाजले, राजानं टेकाडावरच धनगराच्या हातात चांदीचं कडं घातलं. धनगर टेकाडावरून धावत खाली आला आणि त्यानं हात पसरून तिला हाक मारली. पाखरी शेवटच्या बांधापलीकडे समोर पाहत उभी होती. ती वळली नाही.

घरीही तेच. ती मेंढरं राखी, भाकरी खाई, दाराशी बसे. पण माळावर चालताना मध्येच थबकून धनी येतोय ना, हे पाहणारी तिची नजर गेली ती गेलीच.

"पाखरे, बघ की गं माझ्याकडं!" धनगर रोज विनवी.

एकदा त्याची बायको म्हणाली, "तिला कशाला बोल लावताय? ती बघत हुती, तवा तुमीच तोंड फिरवलंत न्हवं?"

दुसऱ्या दिवशी धनगरानं कडं राजाकडे परत धाडलं. पुढे पाखरी जगली तोवर तो तिच्या जोडीनं माळावर धावत राहिला, बांध आला की थांबून तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. तिनं मात्र पुन्हा कधीच वळून पाहिलं नाही.

म्हणून पोरांनो, आणि पोरांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: जिंकण्यासाठी जिवलगाची माया तोडली, तर जिंकल्यावर ती मागूनही मिळत नाही.