घोंगडीचे पंधरा आणे

घोंगड्या विणणाऱ्या बिरू सांगराचा माग जप्त झाला! का, तर त्याने घोंगडीवर पाच आण्यांऐवजी तीनच आणे कर भरला. संध्याकाळपर्यंत उरलेले दोन आणे आले नाहीत तर माग लिलावात जाणार होता. आणि मागाविना सांगर काय खाणार? सुताला लावायची चिंचोक्याची खळ?

बिरूची लेक हौसा तडक दरबारात गेली.

"महाराज, माझ्या बापाने चोरी केली नाही. त्याने हिशेब केला!"

सोनवळचे गंभीरराव महाराज भलतेच हट्टी. एकदा म्हटलं की म्हटलं! ते गुरगुरले, "आमचा नियम सोपा आहे. जो विकेल, त्याने किमतीचा दहावा हिस्सा द्यायचा. सांगा, जमेनीस!"

कर गोळा करणारे जमेनीस घडाघडा बोलले, "धनगराने वीस आण्यांची लोकर विकली, कर दोन आणे. बिरूने तिची घोंगडी पन्नासला विकली, कर पाच. दुकानदाराने ती ऐंशीला विकली, कर आठ. एकूण पंधरा!"

"बरं," हौसा म्हणाली. "महाराज, जरा सिंहासनावर चढता का? मी पायऱ्या मोजते."

महाराजांना गंमत वाटली. ते खाली उतरून पुन्हा चढू लागले.

"पहिली पायरी, एक. दुसरीवर आलात, म्हणजे आणखी दोन. झाल्या तीन! तिसरीवर आलात, आणखी तीन. सहा पायऱ्या चढलात, महाराज!"

"अगं ए! पायऱ्या तीनच आहेत! खालची पुन्हा पुन्हा काय मोजतेस?"

"मी कुठं? जमेनीस मोजतात! धनगराची लोकर बापाच्या घोंगडीत पुन्हा मोजली, आणि दुकानदाराकडे तिसऱ्यांदा!"

दरबारात खसखस पिकली. जमेनीसांचं तोंड एवढंसं झालं. महाराज मात्र मागे हटतात कसले!

"मग तूच वसूल करून दाखव! ऐंशीच्या घोंगडीचे आठ आणे खजिन्यात यायलाच हवेत. एकाच लोकरीवर कर दोनदा लागता कामा नये. आणि चोर पकडायला एकही शिपाई वाढवून मिळणार नाही! जमलं तर माग तुझा, नाहीतर लिलाव!"

हौसाने पदर खोचला. "एवढंच ना? प्रत्येकाने आपल्या कष्टानं वाढलेल्या किमतीवर कर द्यावा. धनगराने दोन आणे भरावेत आणि बापाला तशी पावती द्यावी. बापाचे होतात पाच, त्यातून पावतीचे दोन वजा, तो भरेल तीन. तो दुकानदाराला पाचाची पावती देईल. दुकानदाराचे आठ, त्यातून पाच वजा, त्याने भरावेत तीन. दोन, तीन आणि तीन. झाले ना आठ?"

"आणि धनगराने पावतीच दिली नाही तर?" जमेनीस टपूनच बसले होते.

"तर माझा बाप त्याची मानगूट धरेल! पावती नसली तर धनगराचे दोन आणे बापाच्या कनवटीतून जाणार. बापाने टाळाटाळ केली तर दुकानदार आमच्या दारात धरणं धरेल. शिपाई हवेत कशाला, जमेनीसकाका? घेणारा प्रत्येकजण तुमचा शिपाई, तोही बिनपगारी!"

महाराजांनी मांडीवर थाप मारली. "वा गं पोरी! जमेनीस, माग स्वतः उचलून नेऊन हिच्या घरी मांडा! आणि आमच्या वाड्यासाठी दुकानातून शंभर घोंगड्या आणा." मग डोळे बारीक करून ते म्हणाले, "पण थांब. आम्ही तर घोंगडी विकणार नाही. मग घोंगडीमागे आमच्या माथी बसलेले आठ आणे आम्ही कशातून वजा करायचे?"

"कशातूनच नाही, महाराज! जो पांघरेल त्यानेच ऊब घ्यायची आणि कराचा भारही त्यानेच सोसायचा."

"राजानेसुद्धा?"

"थंडी काय राजाला विचारून वाजते?"

महाराज इतके खो खो हसले की मुंडासं घसरून कानावर आलं. हसत हसतच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसापुढे धरलं.

हौसाने ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "महाराज, याची पावती?"