शकूनं मागितलेला फोटो

"मग विकलेली वस्तू घरात शिरून परत नेली, तर त्याला चोरी नाही तर काय म्हणायचं, माई?"

नीळकंठ भंगाळे अजून बसलेही नव्हते. काखेत जाडजूड आल्बम, कपाळावर घाम, आणि प्रश्न आधी.

माई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"चोरीच," ती म्हणाली.

भंगाळे थबकले. एवढ्या लवकर होकार मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

माईचं खोपटं तापीच्या काठावर, केळीच्या मळ्यांच्या टोकाला होतं. तिनं कधी प्रवचन केलं नाही, कुणाला मंत्र दिला नाही. तरी माणसं तिच्याकडे येत. भंगाळे पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. तेही येत. स्वतःला तिचा शिष्य म्हणवत, तिच्याशी वाद घालत, आणि बहुतेक वेळा वाद जिंकून घरी जात.

"बस. कुणी चोरलं?"

"कंपनीनं."

"काय?"

भंगाळे खाली बसले. आल्बम मांडीवर घेतला.

"घरी छपाईचं मशीन आहे. त्यात स्कॅनरही आहे. काचेवर फोटो ठेवायचा, झाकण लावायचं, की तो कॉम्प्युटरवर उतरतो. पण मी ते घेतलं एका गोष्टीसाठी. काचेवर चार-पाच फोटो एकदम ठेवले, कसेही, वाकडेतिकडे, तरी ते मशीन ओळखायचं. प्रत्येक फोटो वेगळा काढायचं. सरळ करून द्यायचं. दुकानदारानं मला समोर करून दाखवलं होतं."

"मग?"

"एक दिवस कॉम्प्युटरवर चौकट आली. नवी आवृत्ती आलीय, घ्यायची का? मी हो म्हटलं. चांगल्यासाठीच असेल म्हणून."

"आणि?"

"आणि ते गेलं. पाच फोटो ठेवले की पाचांचं मिळून एकच चित्र. एकमेकांना चिकटलेले, तिरपे. आता तुम्हीच कापत बसा. जुनी आवृत्ती परत मागितली, तर म्हणे ती आता मिळत नाही."

माईनं एक शेंग दाबली. टरफल फुटलं.

"फोन केला. आधी गाणं. मग एक मुलगी. 'सर, ते फीचर आता उपलब्ध नाही.' का नाही? 'नव्या आवृत्तीत नाही, सर.' अहो, पण मी ते विकत घेतलंय! तर म्हणे, नवं मॉडेल घ्या. मी विचारलं, त्यात तरी आहे का? थांबा म्हणाली. पुन्हा गाणं. परत आली आणि सांगते काय... 'नाही सर, पण त्यात रंग छान येतात.'"

माई हसली नाही.

"शेवटी विचारते, 'सर, तुमच्या समस्येचं निराकरण झालं का?' मी ओरडलो, नाही! तर म्हणाली, 'धन्यवाद सर, आपला दिवस शुभ जावो.'"

"दुकानदार?"

"तो म्हणतो, साहेब, आम्ही डबा विकतो. आतलं सगळं कंपनीचं."

"वाईट केलं त्यांनी," माई म्हणाली.

भंगाळ्यांना बरं वाटलं. आणि थोडा संशयही आला.

"मला वाटलं तुम्ही म्हणाल, राग सोड. क्षमा कर."

"मी कशाला म्हणू? मशीन माझं नाही."

"मग आशीर्वाद द्या, माई. ग्राहक मंचात जातोय. वकिलाशी बोललोय. सोडणार नाही मी त्यांना. शकूचंही घालणार आहे त्यात."

माईचा हात थांबला.

"शकूचं काय?"

भंगाळ्यांनी आल्बमच्या कडेवरून बोट फिरवलं.

"शकू गेली, माई. माझी धाकटी बहीण गेली. मागच्या महिन्यात. बऱ्हाणपूरला, तिच्या घरी. मूत्रपिंडं निकामी झाली होती. वर्षभर अंथरुणावरच होती."

माईनं हातातली शेंग परडीत ठेवली.

"तिची शेवटची इच्छा त्या लोकांमुळे राहिली. हे मला लिहायचंय. कोर्टानं हे वाचलं पाहिजे."

"काय इच्छा होती?"

"आईचा फोटो."

नदीवर कुणाचा तरी पंप सुरू झाला.

"सांग."

"आमची आई गेली तेव्हा शकूला धड चालता येत नव्हतं. कावीळ झाली होती आईला. मी मोठा होतो, मला सगळं आठवतं. आईचा एकच फोटो आहे. विहिरीजवळ उभी आहे आणि शकू कडेवर. वडिलांनी आल्बम पेटीत ठेवला, कुणाला हात लावू दिला नाही. शकू लग्न होऊन गेली. पुढे वडील गेले, आल्बम माझ्याकडे आला. आजारी पडल्यावर तिनं फोन केला. म्हणाली, दादा, आईचा चेहरा आठवायला जाते आणि काहीच येत नाही. तेवढा फोटो पाठव."

"मग?"

"मी म्हटलं, एक कशाला, सगळा आल्बम पाठवतो. नीट क्रमानं लावून. खाली नावं, सालं. वडिलांची बैलगाडी, माझा पदवीदान समारंभ, धरणाचं काम, सगळं. असं अर्धवट काही करायची मला सवय नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"कामाला सुरुवात केली आणि त्याच आठवड्यात हे झालं."

माईनं शेंगांची परडी बाजूला सरकवली.

"नीळकंठ, त्या काचेवर एकच फोटो ठेवला असता, तर निघत होता का?"

"म्हणजे?"

"एक ठेवला, तर एक निघत होता का?"

"...निघत होता."

"शकूनं किती मागितले होते?"

"एक," भंगाळे म्हणाले. मग एकदम आवाज चढवून, "पण प्रश्न तत्त्वाचा होता, माई! त्यांनी घेतलेलं परत देईपर्यंत एकही फोटो करायचा नाही, असं मी ठरवलं होतं. आपण गुपचूप एकेक करत बसलो की त्यांना वाटतं, चाललंय लोकांचं. असंच फावतं त्यांचं. कुणीतरी अडून बसायलाच हवं ना?"

"हवं."

"मग?"

"मी कुठे नको म्हटलं? शकूला सांगितलंस, तू अडून बसलायस ते?"

"सांगितलं. प्रत्येक फोनवर सांगायचो. कोण काय बोललं, मी काय सुनावलं."

"ती काय म्हणायची?"

"ऐकून घ्यायची." भंगाळ्यांचा आवाज खाली आला. "आधी फोटोचं विचारायची. मग हळूहळू मशीनचंच विचारायला लागली. 'दिलं का रे त्यांनी तुझं परत?' एवढंच विचारायची. मी नाही म्हटलं की म्हणायची... 'देतील. चिडू नकोस. तुझं बीपी वाढेल.'"

"तिच्या मुलीनं सुचवलं होतं," भंगाळे स्वतःहूनच म्हणाले. "उज्ज्वलानं. मामा, मोबाईलवर काढून पाठवा ना, दिसेल आईला. मी तिला रागावलो. मोबाईलवर चमक येते, कडा वाकतात, त्याला फोटो म्हणत नाहीत. आजीचा एकुलता एक फोटो, आणि तो असा पाठवू?"

"भेटायला गेला होतास?"

"फोटो झाले की घेऊनच जाणार होतो."

"किती लांब आहे बऱ्हाणपूर?"

"...तासाभराची गाडी आहे."

पंप बंद पडला. कुणीतरी लांबून शिवी दिली, आणि तो पुन्हा सुरू झाला.

"दहाव्याला गेलो तेव्हा आल्बम नेला होता," भंगाळे म्हणाले. "उज्ज्वलाच्या हातात द्यायला गेलो. तिनं घेतला नाही. पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, 'मामा, आता राहू द्या.' चिडून नाही हो. अगदी साधं. पाहुण्याला बोलावं तसं. तेव्हापासून मला झोप नाही. दोष माझ्यावर ठेवतेय ती! माझ्यावर! ज्यांनी केलं ते कुठेतरी एसीत बसलेत. त्यांना शकू कोण हे माहीतही नाही. माई, तुम्ही उज्ज्वलाला दोन शब्द सांगा. ती तुमचं ऐकेल. सांगा तिला, दोष कुणाचा आहे."

"फोटो आणलायस?"

"हा काय."

त्यांनी आल्बम उघडला. काळ्या पानांमधला पातळ कागद उलटला. एक फोटो कोपऱ्यांतून हलकेच सोडवला आणि माईपुढे धरला.

माईनं हात पुढे केला नाही.

ते धरून राहिले.

"नीळकंठ," ती म्हणाली, "मला दिसत नाही."

भंगाळ्यांचा हात तसाच राहिला. माईचे डोळे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्यांनीच तिला जळगावला डॉक्टरकडे नेलं होतं. रागाच्या भरात तेही विसरायला झालं होतं.

"सांग," माई म्हणाली. "कशी आहे?"

"कृष्णधवल. पोस्टकार्डाएवढा. उजवा कोपरा दुमडलाय. खालच्या बाजूला बुरशीचे डाग आहेत, पण ते कॉम्प्युटरवर काढता..."

"आई कशी आहे?"

त्यांनी फोटो उताणा करून गुडघ्यावर ठेवला. बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"शकूनंही विचारलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"हेच. एकदा फोनवर. तिला धाप लागत होती. म्हणाली, दादा, फोटो राहू दे. तू पाहिलंयस ना तिला... कशी दिसायची, सांग ना."

"आणि तू?"

"मी म्हटलं... मी म्हटलं, सांगून काय कळणार आहे? स्कॅन करून पाठवतो. चांगला मोठा करून."

माईनं मान खाली घातली. ती आता काही विचारणार नाही, हे भंगाळ्यांना कळलं. वाद घालायलाही समोर कुणी उरलं नव्हतं.

"कपाळ रुंद होतं," ते अखेर म्हणाले. "कुंकू मोठं लावायची. शेतातून यायची तेव्हा ते घामानं नाकापर्यंत ओघळलेलं असायचं. आम्ही हसायचो."

माई ऐकत होती.

"डाव्या भुवईत खाच होती. गाईनं शिंग मारलं होतं म्हणे, ती लहान असताना. दात जरा पुढे होते. त्याची तिला लाज वाटायची. हसू आलं की पदर तोंडावर धरायची. पण डोळे बंद व्हायचे हसताना, त्यामुळे कळायचंच. फोटोत हसत नाहीये. फोटोवाल्यानं हलू नका म्हणून सांगितलं होतं. मी त्याच्या मागेच उभा होतो, मला आठवतंय. शकू एकसारखी आईच्या कानातली बाळी ओढत होती, आणि ती हलायचं नाही म्हणून तशीच उभी. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या, दुखून. पण शकूचा हात काही तिनं सोडवला नाही."

त्यांनी फोटोतल्या आईवर बोट ठेवलं.

"नाक शकूसारखं. नाही... शकूचंच तिच्यासारखं. मान कलती करून ऐकायची सवयही तीच. शकू आजारपणात वाळली होती, गालफडं बसली होती. ती गेली त्या दिवशी तिला जमिनीवर निजवलं होतं. मी दारातून आत आलो, आणि मला वाटलं... आईच आहे, माई. हुबेहूब. शकूच्या उशाला भिंतीवर आरसा होता. वर्षभर ती त्याच्यासमोर पडून होती. तिला कुणी नुसतं सांगितलं असतं की आरशात बघ..."

ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं होतं. फोटो गुडघ्यावरून घसरून खाली पडला. तो त्यांनी उचलला नाही.

"माई..."

"माई, काहीतरी बोला. शिव्या द्या हव्या तर. मी आता काय करू?"

माईनं हात वर केला.

"थांब. अजून दिसतेय ती मला."