धाकटीने अडवलेली वाट

फार फार जुन्या काळी हिमाच्या डोंगरांत एक गाव होतं. तिथं दोन जावा नांदत होत्या. थोरली उपासतापासांची, धाकटी हसरी.

गावाची देवी पलीकडच्या कड्यावर. मधे बर्फाची मोठी उतरण. चैत्रात जी सवाशीण आधी पलीकडे पोचेल, तिच्या ओटीला पहिला मान. पण वाट चालण्याजोगी झाली का, हे सांगायची धाकटी. पहाटे ती बर्फात काठी खुपसायची, मुठीत बर्फ दाबून बघायची आणि म्हणायची, "चला," नाहीतर, "आज नको." सारं गाव तिचं ऐकायचं.

हेच थोरलीला सलायचं. घरात आधी मी आले, व्रतं मी करते, आणि विचारतात हिला!

त्या वर्षी थोरली ओटी घेऊन निघाली, तोच धाकटी म्हणाली, "जाऊबाई, आज नको. रात्रभर आभाळ होतं. चांदणं स्वच्छ पडलं तरच बर्फ गोठतो. ऊन चढलं की उतरणीवरचा बर्फ सुटेल."

"पहिला मान तुला हवा, असं सरळ सांग की! चांदण्याला कशाला मधे घेतेस?"

थोरलीने देवदाराच्या सावलीत काठी आपटली. खट्‌! "बघ, दगड आहे दगड!"

पण बायांनो, सावलीतल्या बर्फावरून उन्हातल्या बर्फाची पारख होत नसते.

ती अर्ध्यावर पोचली आणि वरून बर्फाचा लोंढा आला. ओटी गेली, काठी गेली. एका खडकाला मिठी मारून थोरली कशीबशी वाचली.

तिचा नवरा धावला. धाकटीने आडवी येऊन त्याला अडवलं. "भावोजी, ऊन उतरेपर्यंत कुणी पाय टाकायचा नाही!"

थोरलीने खडकावरून ते पाहिलं. मेली मला मरायला ठेवतेय! आता घर हिचं, मान हिचा!

इतक्यात दुसरा लोंढा सुटला. नवरा जिथून येणार होता, नेमका तिथूनच तो लोंढा खाली गेला. थोरलीने खडक आणखी घट्ट धरला.

धाकटी दिवसभर काठावर उन्हात उभी राहिली. पाण्याचा घोटही घेतला नाही. "जाऊबाई, डोळे मिटू नका हं! लोणच्यात मीठ किती घालता, सांगा बघू!"

"तू घालतेस त्याच्या निम्मं!" खडकावरून उत्तर आलं, आणि रडणारा नवराही हसला.

सांजेला बर्फ पुन्हा कडक झाला. कमरेला दोर बांधून धाकटीच पुढे आली. थोरली तिच्या गळ्यात पडली. "खडकावर बसून तुझं वाईट चिंतलं गं मी!"

"ते घरी गेल्यावर बोलू. आधी पाय जपून टाका."

त्यानंतर गावातल्या बाया वाट विचारायला आल्या, की थोरलीच अंगणातून हाक मारायची, "अगं धाकटे, बाहेर ये. तुझ्याशिवाय कुणाचं पाऊल उचलत नाही." आणि तसं म्हणताना तिला जरासुद्धा सलायचं नाही.

तात्पर्य : ज्याचा हेवा करावा, त्याचा हिताचा शब्दही कपट वाटतो, म्हणून सर्व व्रतांआधी हेवा सोडण्याचं व्रत धरावं.