गजराबाईचा दोर

घ्या रे, अंगावर पांघरूण घ्या. आज राजाची नाही की राणीची नाही. आज दरीची गोष्ट. भीती वाटली तर माझा पदर धरा, पण मधे उठायचं नाही, बरं का.

तर एक होती दरी. तिचं नाव काळदरी. इतकी खोल, की वरून धोंडा टाकला तर पडल्याचा आवाज वर यायला कितीतरी वेळ लागायचा. तिच्या काठावर एक गाव होतं आणि तिच्या तळाशी एक जखीण होती. ती कुणाला दिसायची नाही. नुसती हाक मारायची. मुलांना त्यांच्या आईच्या आवाजात बोलवायची, "ये रे बाळा, ये." हाक आली की मूल कड्यावरून पाऊल टाकायचं आणि पिसासारखं तरंगत खाली जायचं. खाली जाणं सोपं होतं. वर यायला वाटच नव्हती. आणि तळाला पाय टेकले की माणसाचा हळूहळू दगड व्हायचा. आधी पाय, मग गुडघे, मग कंबर. अमावस्येचा सूर्य बुडताना जे कुणी दरीत असेल, त्याचा पुरता दगड.

एकदा काय झालं, करवंदं वेचायला गेलेल्या तीन मुलांना हाक आली. एक भिका, शिदू कुंभाराचा मुलगा. दुसरा मानाजी, गावच्या नाइकाचा. आणि तिसरी बकुळा, गजराबाईची. गजराबाईला नवरा नव्हता. एक घर होतं, एक गाय होती आणि ही एवढी एक लेक होती.

अमावस्येला दहा दिवस उरले होते.

शिदू कुंभार थांबला नाही. कोण थांबेल? तो धावत बाजारात गेला. समोर दिसला तो दोर त्यानं घेतला. नवाकोरा, गुळगुळीत आणि स्वस्त. दोर झाडाला बांधला आणि शिदू खाली उतरला. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "ओढा! सापडला माझा भिका!" सगळ्यांनी ओढायला सुरुवात केली. पण भिकाची पावलं तोवर दगडाची झाली होती, बरं का. ओझं वाढलं होतं. अर्ध्यावर आले आणि दोर काटकीसारखा तुटला.

मग काहीच ऐकू आलं नाही. शिदूची बायको रखमा वरचं टोक हातात धरून बसली होती. सोडेचना.

खाली दोघांचा जीव गेला, आणि जीव गेला की दरी अमावस्येची वाट बघत नाही; दोघं पडल्या जागी दगड झाले. एक धोंडा, आणि त्याच्या पाठीला बिलगलेला एक लहान धोंडा.

गजराबाईनं रखमाच्या हातातलं ते टोक घेतलं. पीळ उलगडून बघितला. बाहेरून नवा ताग होता आणि आत कुजकं काड. मग ती बाजारात गेली. दोरवाल्याला म्हणाली, "दादा, तुझा दोर मी कड्याला बांधते. तू लटकशील का?"

दोरवाला हसला. "बाई, मी दोर विकतो. लटकत नाही."

गजराबाई परत फिरली.

नाइकाच्या ओसरीवर दूरदेशचा व्यापारी येऊन बसला होता. त्याच्याकडे रेशमी दोर होता, जरीच्या गोंड्यांचा. म्हणाला, "राजाच्या हत्तीवरची अंबारी याच दोरानं बांधतात." किंमत ऐकून लोकांनी तोंडात बोटं घातली.

गजराबाई म्हणाली, "शेटजी, तुम्ही लटकाल का?"

व्यापारी लाल झाला. "असला दोर काय लटकायला असतो?"

गजराबाई नाइकाला म्हणाली, "नाईक, आधी यांना लटकवून बघा."

नाईक म्हणाला, "गजराबाई, एवढा महाग दोर वाईट कसा असेल?" आणि त्यानं तो घेतला.

गजराबाई तिसरीकडे गेली. रानाच्या पलीकडे, एका कड्याच्या टोकाशी कोंडाई नावाची म्हातारी राहायची. घायपाताचे दोर वळायची. गजराबाईनं तिलाही तेच विचारलं. कोंडाईनं एक जुना दोर ऐनाच्या झाडाला बांधला, दुसरं टोक कमरेला गुंडाळलं आणि कड्यावरून सरळ खाली लोंबकळली. पान खाल्लेलं तोंड वर करून म्हणाली, "किती वेळ लटकू? स्वयंपाक व्हायचाय माझा."

गजराबाईनं तिला वर ओढलं आणि तिचे पाय धरले. "मला काळदरीएवढा लांब दोर दे."

"आठ दिवस लागतील," कोंडाई म्हणाली. "आणि तुझी गाय घेईन. तुझं घर घेईन."

"एवढं?"

"आठ दिवस मी दुसरं काही करणार नाही. घायपातानं माझे हात सोलून निघतील. आणि मी खोटं सांगत नाही. हा दोर दोन माणसांचं ओझं पेलेल. तिसऱ्याचं मी सांगत नाही."

गजराबाई खाली बसली. आठ दिवस! आठ दिवसांत बकुळाचं काय होईल? आजच उतरावं का? मिळेल तो दोर घ्यावा का? तिला रखमाच्या हातातलं ते टोक आठवलं. ती खूप वेळ रडली. मग म्हणाली, "वळ."

लोक तिला बोलले. "एका दोरासाठी कुणी घर देतं का?"

ती म्हणाली, "दोर तुटला तर त्या घरात राहायचं कुणी?"

आणि एक गंमत ऐका. घर दिलेल्या बाईला सगळेच विकायला आले. चांभार म्हणाला, वहाणा घे, भारीतल्या. तांबट म्हणाला, तांब्याचा कंदील घे. गजराबाई म्हणाली, "पाय सोलला तर भरून येईल. दिवा विझला तर हातांनी चाचपडेन." ती अनवाणीच राहिली आणि पणती तेवढी घेतली, मातीची.

कोंडाई दोर वळत होती. गजराबाई घायपाताची पानं ठोकून त्यांचा वाख काढत होती. दुसऱ्या दिवशी रखमा आली. शेजारी बसून तीही वाख ठोकू लागली.

रोज संध्याकाळी गजराबाई काठावर जायची. पहिल्यांदा खालून आवाज आला, "आई, पायांना मुंग्या येतात." मग आला, "आई, गुडघे वाकत नाहीत." मग आला, "आई, तू येतेस ना?" त्यानंतर आवाज आलाच नाही.

मधेच नाईक रेशमी दोरानं उतरायला गेला. कड्याच्या धारेवर रेशीम घासलं. एक पेड सुटला. दुसरा सुटला. लोकांनी त्याला घाईनं वर ओढलं, म्हणून तो वाचला. त्याचे तळहात मात्र सोलून निघाले. त्या दिवसापासून तो काठावर बसून राहिला. जेवायलाही उठेना.

अमावस्या उजाडली. दुपार झाली तेव्हा कोंडाईनं शेवटची गाठ मारली. दोर ओबडधोबड होता, हाताला टोचत होता. गजराबाई उतरली. पाय सोलले. पणती विझली. ती हातांनी चाचपडत राहिली आणि तिच्या हाताला लागली बकुळा. कंबरेपर्यंत दगड. तिच्या शेजारी मानाजी, छातीपर्यंत दगड. दोघंही जात्यासारखी जड.

गजराबाईला कोंडाईचं बोलणं आठवलं. दोन माणसांचं ओझं. तिसऱ्याचं सांगत नाही.

तिनं लुगड्याचा पदर फाडला आणि दोन्ही मुलांना दोराला आवळून बांधलं.

"आई, तू?" बकुळानं विचारलं. ओठ कसेबसे हलले तिचे.

"तू वर जा. दोर परत सोडायला सांग."

दोर वर गेला. गजराबाई एकटी राहिली. मग हाक आली. कुणाच्या आवाजात? तिच्या मेलेल्या आईच्या आवाजात. "गजरे, दमलीस गं. बस जरा. मी आहे ना." गजराबाईनं कानांत बोटं घातली. बसली नाही. पावलं जड झाली, घोटे जड झाले, तरी बसली नाही.

वर मुलं पोहोचली. त्यांच्या अंगावर ऊन पडलं आणि दगड मेणासारखा मऊ होत गेला. सूर्य डोंगराला टेकला होता. दोर पुन्हा खाली सुटला. गजराबाईनं तो कमरेला बांधून हिसका दिला. ओढायला सगळ्यांच्या पुढे नाईक उभा राहिला, चिंध्या बांधलेल्या हातांनी. त्या हातांतून रक्त येत होतं. दोर करकरला, पण तुटला नाही.

सूर्य बुडाला तेव्हा गजराबाई काठावर आली होती. उजवं पाऊल तेवढं अजून दरीत लोंबकळत होतं. ते पाऊल कायमचं दगडाचं झालं.

काय गं? भिका? नाही गं बाळा. भिका नाही आला. शिदूही नाही आला. कितीही चांगला दोर आणला तरी ते यायचे नव्हते आता.

मग गजराबाईला घर नव्हतं, म्हणून रखमानं तिला आपल्या घरी नेलं. त्या दोघी आणि बकुळा एकत्र राहिल्या. मडकी करायला शिकल्या. नाईक कुठलीही वस्तू घेताना गजराबाईला विचारायला यायचा. ती सांगायची, "नाईक, मोडली तर माणूस जाणार आहे का? मग घर विका पण चांगली घ्या. जाणार नसेल, तर बाजारातली स्वस्त घ्या आणि मोडली की दुसरी आणा." कधी रखमा रडायची, कधी हसायची. जेवढं सुख उरलं होतं तेवढ्यात तिघी सुखानं राहिल्या.

संपली गोष्ट. आता कुशीवर वळा. डोळे मिटा. झोपा.