गैरहजरांचं काम

तळ्यांवर अजून कुणाची मालकी नव्हती, तेव्हाची गोष्ट. देशोदेशीच्या पाणपक्ष्यांनी एक संस्था काढली होती. तिचा नियम एकच: जो बैठकीला गैरहजर, त्याच्या गळ्यात नको असलेलं काम.

एकदा ठरलं, नर-मादी समानतेचं काम बघायला माणसं, म्हणजे पक्षी, नेमायचे. अध्यक्ष करकोचेबुवांनी मान उंचावून पाहिलं. एकही मादी दिसेना. सगळ्या अंडी उबवत बसलेल्या.

"वा! झाल्या नेमणुका!" म्हणत बुवांनी बेडकांचा अल्पोपहार सुरू केला.

पुढे समन्वयाची बैठक बोलावली, तर नेमलेल्यांपैकी कुणीच येईना. बुवा तणतणत बदकीणबाईंच्या घरट्याशी गेले.

"एवढं मानाचं पद दिलं, आणि तुम्हाला साधं बैठकीला यायला होत नाही?"

"येतो की! सगळ्याच येतो," बदकीणबाई म्हणाल्या. "तेवढा वेळ तुम्ही मंडळी अंड्यांवर बसा."

बसले बिचारे. बदकीणबाईंच्या इवल्या घरट्यात बुवांचे पाय काही केल्या मावेनात.

तिकडे बैठक भरली. बदकीणबाईंनी सभोवार पाहिलं. एकही नर नव्हता.

"पहिला विषय, अंडी उबवणं," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "आज गैरहजर कोण कोण आहे?"