पुसलेली वाळू

एका गावात, जिथे माणसं ओळखीच्याला आधी जोड्यावरून ओळखत आणि मग तोंडावरून, केरबा नावाचा जोडे शिवणारा होता. त्याचे जोडे फार मऊ. एक म्हातारा म्हणे ते घालून चालता चालता झोपला आणि जागा झाला तो थेट बहिणीच्या गावी. अनायासे भाऊ आला म्हणून बहिणीने पुरणपोळीसुद्धा केली.

माप घ्यायची केरबाची एक रीत होती. दुकानाच्या दारात ओल्या वाळूने भरलेली मोठी परात असायची. गिऱ्हाइकाने अनवाणी त्यात उभं राहायचं. केरबा वाकून ठसा बघायचा. टाच कुठे फुटली आहे, कुरूप कुठे आहे, अंगाचा भार कुठल्या पायावर पडतो, सगळं त्याला दिसायचं. मग गिऱ्हाइकाच्या समोरच तो हाताने वाळू सपाट करायचा आणि म्हणायचा, "पाय ठेवलात, उपकार झाले." म्हणून तर सहा बोटांचा कुलकर्णीही त्याच्यापुढे बिनधास्त पाय उघडा करायचा. घरात कुलकर्णीणबाईंनाही ते बोट ठाऊक नव्हतं, असं लोक म्हणायचे. लोकांना कसं ठाऊक होतं, ते विचारू नका.

केरबाच्या दुकानाला छप्पर होतं, पण नावापुरतं. ऊन थेट आत यायचं, चामडं कडक व्हायचं, जोडे शिवून होण्याआधीच वाकडे व्हायचे. हे मलम विकणाऱ्या हिराशेठने हेरलं.

"केरबा, तुझ्या दुकानावर कौलं घालून देतो," हिराशेठ म्हणाला.

"आणि मी काय द्यायचं?"

"काही नाही रे! फक्त वाळू पुसायची नाही. हव्या तेवढ्या पराती मी पाठवतो. दुपारी माझा गडी येईल, कोणाचा पाय ते तुला विचारेल आणि ठशावर चिकणमाती दाबून छाप घेऊन जाईल. तुझं काय जातंय?"

केरबाची बायको बयना सुईत दोरा ओवत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "वाळू तुमची असेल. पाय त्यांचा आहे."

"तुला व्यवहार कळत नाही," केरबा म्हणाला. "मी कुठे काय देतोय? नुसता पुसत नाही."

कौलं चढली. दुकानात गार सावली आली. गिऱ्हाईक वाळूकडे बघायला लागलं, की केरबा म्हणायचा, "पुसतो हो मागाहून." पण उपकाराचे शब्द काही तोंडातून निघेनात.

मग आठवडी बाजारात हिराशेठ ओरडू लागला. "अहो सोनाकाकू, डाव्या टाचेच्या भेगेला मलम न्या! कुलकर्णी, सहाव्या बोटाला वेगळं लावायला हवं हो!" सगळा बाजार हसला. सोनाकाकूंनी सुनेवर संशय घेतला आणि तिच्याशी अबोला धरला. कुलकर्णी तर माडीवरून खाली उतरेनाच. पण लोक काही खुळे नव्हते. हळूहळू सगळ्यांची नजर परातीकडे वळली.

तेव्हापासून केरबाकडे खरा पाय कोणी टेकवेना. सासू सुनेला उभं करायची, सून नणंदेला पाठवायची. एकाने तर रागाने म्हशीला आणून परातीत उभं केलं. केरबाने मान खाली घालून त्याही मापाचे जोडे शिवले. ते तेवढे म्हशीला बरोबर बसले. बाकी गावात कोणालाच केरबाचे जोडे बसेनात.

अशात शिदू पैलवान गावी आला. जत्रेत त्याची कुस्ती हिराशेठच्या भाच्याशी ठरली होती. शिदू इतके दिवस परगावी मेहनत करत होता, त्यामुळे इकडचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो सरळ येऊन परातीत उभा राहिला. केरबाने वाकून बघितलं आणि तो चपापला. डावा पाय खोल रुतला होता. उजवी टाच वाळूत धड उठलीच नव्हती.

"पैलवान, उजवा गुडघा?"

"म्हणून तर आलो, तात्या," शिदू हळूच म्हणाला. "उजव्या जोड्यात मऊ भर घाला. जत्रेपर्यंत गुडघा सांभाळायचाय. भाच्याला हे कळलं, तर तो त्याच पायाला हात घालेल. कायमचा लंगडा होईन. मग तालमीतल्या पोरांना काय, खाटेवरून शिकवू? तुमच्याशिवाय कोणाला बोललो नाही."

एवढं बोलून तो गेलासुद्धा. वाळू पुसली की नाही, हे त्याने वळूनही पाहिलं नाही.

केरबा त्या ठशाकडे बघत राहिला. इतक्या दिवसांत खऱ्या पायाने, खऱ्या विश्वासाने त्याच्या दारात आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. तेवढ्यात हिराशेठ स्वतःच मातीचा गोळा घेऊन दारात हजर.

"पैलवान येऊन गेला म्हणे! कुठली परात?"

केरबाने वर कौलांकडे बघितलं. मग बयनाकडे बघितलं. तिने नुसता दोरा तोडला. केरबा उठला आणि परातीत उडी मारून असा नाचला, की वाळूचे कण शेजारच्या गावातल्या लोकांच्या डोळ्यांत गेले.

"अरे, अरे! ठसा नाही तर कौलंही नाहीत!" हिराशेठ ओरडला.

केरबा शिडी लावून वर चढलाही होता. "शेठ, जरा बाजूला उभे राहा. कौल डोक्यात पडेल. आणि ही कौलं घेऊन जाताना आधीचे मातीचे ठसे परत पाठवा."

हिराशेठने फार खळखळ केली नाही. त्याला बघितलं की बाजारात लोक पाय धोतरात ओढून घ्यायचे, त्यामुळे मलम तसंही खपत नव्हतं. गाढवांवर लादून ठसे आले. केरबाने गावाला नदीवर बोलावलं, आपण काय केलं ते सांगितलं आणि ज्याचा ठसा त्याच्या हातात दिला. ज्याने त्याने आपली टाच आपल्या हाताने पाण्यात विरघळवली. त्या दिवशी नदी वाहत गेली नाही म्हणे, पायांनी चालत गेली. सोनाकाकूंनी तिथेच सुनेचा हात धरला.

जत्रेत भाच्याला दुखऱ्या गुडघ्याची खबर नव्हती; त्याने शिदूचा नेमका डावा पाय धरला. तो वडाच्या मुळासारखा हलेना. भाचा ओढून ओढून दमला, तेव्हा शिदूने त्याला अलगद उचलून पाठीवर निजवलं.

दुसऱ्या दिवशी लोकांना रस्त्यावरून गवताची गंजी चालत येताना दिसली. जवळ आली तेव्हा कळलं, शिदू पैलवान नवं शाकारलेलं अख्खं छप्पर डोक्यावर घेऊन येत होता. मागून गवताच्या पेंढ्या घेऊन सगळं गाव, आणि शेवटी लपत छपत कुलकर्णी. छप्पर बसवून झालं. कुलकर्णी पुढे आला, सहा बोटांचा पाय परातीत ठेवून हसला. केरबाने ठसा बघितला आणि त्याच्या समोरच वाळू सपाट केली.

"पाय ठेवलात, उपकार झाले," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे पाणावले.

"उपकार तुमचे, तात्या," शिदू म्हणाला. "माझा पाय माझाच राहिला."

तात्पर्य: गिऱ्हाईक आपलं गुपित कामापुरतं हाती देतं, ते आपल्या मालकीचं होत नाही; काम झालं की ते पुसावं, आणि त्याने विश्वासाने दिलं याचे उपकार मानावेत.